सरोगसीचे कागद कोणत्या क्रमाने करायचे: नागपूरकर जोडप्यांसाठी

धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, "आता सरोगसीचा विचार करा." म्हणजे तुमचा गर्भ दुसऱ्या स्त्रीने, सरोगेटने, वाढवायचा. बाहेर पडल्यावर बहुतेक जोडपी आधी वकील गाठतात आणि कराराचा नमुना मागतात. घोळाची सुरुवात इथेच होते. सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ आणि सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ (एआरटी कायदा) हे दोन्ही कायदे २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. त्यांच्यानुसार करार हा बऱ्याच कागदांपैकी एक कागद आहे, आणि तोही सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्यातच करायचा. बाळ तुमचं ठरतं ते न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने. उपचाराला परवानगी मिळते ती समुचित प्राधिकरणाच्या, म्हणजे या कायद्यांखाली नेमलेल्या सरकारी यंत्रणेच्या, प्रमाणपत्रांनी. हे सगळं भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या आधी हातात असायला हवं. एक कागद मागेपुढे झाला तर त्याच्यावर उभे असलेले बाकीचे पुन्हा करावे लागतात, आणि तेवढ्या वेळात कुणाचं तरी वय मर्यादेबाहेर जातं.

१. आधी ठरवा: सरोगसी हवी की फक्त दात्याची मदत

पत्नीला गर्भ वाढवता येतो, अडचण फक्त स्त्रीबीजाची किंवा शुक्राणूंची आहे, असं असेल तर तुम्हाला सरोगसी कायद्याकडे जावंच लागत नाही. तुमचं काम सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्यात बसतं. तिथे स्त्रीचं वय २१ च्या वर आणि ५० च्या आत, पुरुषाचं २१ च्या वर आणि ५५ च्या आत हवं. दात्याचं बीज नोंदणीकृत एआरटी बँकेमार्फतच घ्यायचं. स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वयाची हवी. तिला आयुष्यात एकदाच दान करता येतं, त्या वेळी सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत, आणि तिचा १२ महिन्यांचा विमा तुम्ही काढायचा असतो. शुक्राणू देणाऱ्यासाठी वय २१ ते ५५. एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला मिळतं. जन्मलेलं बाळ कायद्याने तुमचं जैविक अपत्य ठरतं, दात्याचा त्याच्यावर काही हक्क उरत नाही.

गर्भाशय नाही, काढून टाकलेलं आहे, आयव्हीएफ (प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडणं) वारंवार अपयशी ठरलं आहे, गर्भ पुन्हा पुन्हा पडतो आणि कारण सापडत नाही, किंवा गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार आहे: या स्थितीत सरोगसीचा मार्ग खुला होतो. नोकरीमुळे वेळ नाही किंवा बाळंतपणाची भीती वाटते, ही कारणं कायद्यात बसत नाहीत.

२. पात्रता: तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा

जोडपं कायद्याने विवाहित हवं. प्राधिकरणाचं प्रमाणपत्र मिळण्याच्या दिवशी पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वयाचा हवा. अर्ज कधी केला याला महत्त्व नाही, प्रमाणपत्राचा दिवस धरला जातो. हयात अपत्य नसावं. स्वतःचं, दत्तक घेतलेलं, सरोगसीने झालेलं, सगळी धरली जातात. मूल शारीरिक किंवा मानसिक दिव्यांग असेल, किंवा त्याला कायमचा इलाज नसलेला जीवघेणा आजार असेल, तर अपवाद आहे, पण त्यासाठी जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

एकट्या स्त्रीसाठी दार अरुंद आहे: विधवा किंवा घटस्फोटित, वय ३५ ते ४५. तिने स्वतःचं स्त्रीबीज वापरायचं, शुक्राणू दात्याचे. अविवाहित स्त्री आणि लिव्ह-इनमधलं जोडपं यांना सरोगसी मिळत नाही.

ज्यांची भ्रूणं कायदा येण्यापूर्वीच गोठवून ठेवलेली होती, त्यांनी वय उलटलं म्हणून आशा सोडू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की २५ जानेवारी २०२२ पूर्वी भ्रूण तयार करून गोठवण्यापर्यंत पोचलेल्या जोडप्यांना ही वयोमर्यादा मागे जाऊन लावता येणार नाही. भ्रूण कधी गोठवलं याची क्लिनिकची नोंद, तारखेसकट, लगेच मागून घ्या. सगळं त्या एका कागदावर ठरणार आहे.

दोन जुने समज अजून फिरतात. पहिला, सरोगेट जवळची नातेवाईकच हवी. दुसरा, लग्नाला किंवा उपचारांना पाच वर्षं झालेली हवीत. दोन्ही गोष्टी आधीच्या विधेयकात होत्या, मंजूर झालेल्या कायद्यात त्या राहिल्या नाहीत. यांच्यामुळे आत्याच्या सुनेवर आणि मावसबहिणीवर नाहक दडपण येतं, म्हणून हे घरच्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

३. क्लिनिकची नोंदणी भिंतीवर बघा

आयव्हीएफची नोंदणी आणि सरोगसीची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला स्तर म्हणजे फक्त आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), दुसऱ्या स्तरावर आयव्हीएफ, आणि सरोगसी क्लिनिकचं प्रमाणपत्र याहून निराळं. ते दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. स्वागतकक्षात उभं राहून चार गोष्टी वाचा: कोणत्या कायद्याखाली दिलं आहे, कोणाच्या नावाने आहे, पत्ता हाच आहे का, आणि मुदत कधी संपते. सरोगसीची नोंदणी तीन वर्षांची असते, एआरटीची पाच वर्षांची. "नूतनीकरणाला दिलंय" असं उत्तर मिळालं तर अर्जाची पोच दाखवायला सांगा. त्यात संकोच कसला? पुढे फाइल अडली तर ती तुमचीच अडते.

बाळ मुलगा हवा की मुलगी, असा विषय कुणी काढला तर तिथून उठा. गर्भलिंग निवडीवर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि सरोगसीत तिला सूट नाही.

४. सरोगेट: तयार असलेली स्त्री

कायद्याचा शब्द आहे "इच्छुक स्त्री", आणि तिला सोबत घेऊन तुम्ही प्राधिकरणाकडे जायचं आहे. अटी अशा:

विवाहित असावी किंवा पूर्वी विवाह झालेला असावा. स्वतःचं मूल असावं. भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या दिवशी वय २५ ते ३५ असावं. आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं, आणि त्यातही प्रयत्न जास्तीत जास्त तीन. तिचं स्वतःचं स्त्रीबीज वापरता येत नाही. शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं.

वयाची अट नीट वाचा. तुमचं वय प्रमाणपत्राच्या दिवशी मोजतात, तिचं प्रत्यारोपणाच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या, दिवशी. कागद सुरू करताना ती ३४ वर्षं आठ महिन्यांची असेल तर आधीच सावध व्हा. मंडळ, कोर्ट आणि प्राधिकरण यांत महिने जातात. पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठीही महिने लागतात, आणि तोवर ती मर्यादेबाहेर गेलेली असते.

दुसरी अडचण जन्मतारखेची. गावाकडच्या बऱ्याच बायकांच्या आधार कार्डावर १ जानेवारी किंवा १ जून अशी अंदाजाची तारीख असते आणि शाळेच्या टीसीवर वेगळीच. नावाचंही तसंच: टीसीवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं नाव तिसऱ्याच पद्धतीने. हे आधी एकसारखं करून घ्या. कोर्टात अर्ज गेल्यावर आधार बदललं की आधीचे सगळे कागद जुन्या नावाचे राहतात.

५. कागदांची थैली

जोडप्याचे: आधार, पॅन, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दोघांच्या वयाचा पुरावा, अपत्य नसल्याचं प्रतिज्ञापत्र, उपचारांची पूर्ण फाइल. विधवेसाठी पतीचा मृत्यूदाखला, घटस्फोटितेसाठी कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत.

सरोगेटचे: आधार, वयाचा पुरावा, विवाहाचा पुरावा, स्वतःच्या मुलाचा जन्मदाखला, पूर्वी सरोगेट झालेली नसल्याचं प्रतिज्ञापत्र, तंदुरुस्तीची प्रमाणपत्रं.

उपचारांच्या फाइलमध्ये नुसती औषधांची चिठ्ठी चालत नाही. प्रत्येक आयव्हीएफ सायकलची तारीख, किती भ्रूणं सोडली आणि निकाल काय आला, हे लिहिलेला सारांश क्लिनिककडून घ्या. गर्भाशय काढलं असेल तर डिस्चार्ज कार्डासोबत बायोप्सीचा रिपोर्ट जोडा. शस्त्रक्रिया मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत बऱ्याच वर्षांपूर्वी झाली असेल तर अभिलेख विभागात आजच अर्ज द्या. सगळ्यात जास्त वाट याच कागदाची पाहावी लागते.

६. जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र

सरोगसी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे, असं हे मंडळ लिहून देतं. जिल्ह्याचे शल्य चिकित्सक किंवा त्या दर्जाचे आरोग्य अधिकारी अध्यक्ष असतात, सोबत जिल्ह्यातले प्रमुख स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. खासगी डॉक्टरांचं पत्र या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, पण ते जोडायचं जरूर, आणि त्यात "सरोगसीचा सल्ला दिला" एवढंच न लिहिता कारण स्पष्ट लिहून घ्यायचं.

बीज कोणाचं वापरायचं हाही प्रश्न याच टेबलावर सोडवा. मार्च २०२३ च्या दुरुस्तीने दोन्ही बीजं जोडप्याचीच हवीत असं ठरलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सैल झालं. पती किंवा पत्नी यांच्यापैकी एकाला वैद्यकीय अडचण आहे, असं जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केलं तर एक बीज दात्याचं घेता येतं, मात्र दुसरं जोडप्याचंच हवं. दोन्ही बीजं दात्यांची, हे चालत नाही. दात्याच्या बीजाची गरज असेल तर ती मंडळाच्या कागदावर लिहून आली आहे का, हे खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी वाचा. नाहीतर गर्भाशयाच्या कारणासाठी एकदा आणि बीजासाठी पुन्हा, अशा दोन वाऱ्या होतात.

७. संमती आणि करार: नमुना २

सरोगसी नियम, २०२२ मधला नमुना २ हाच सरोगेटची संमती आणि करार. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर कुणी वेगळा "सरोगसी करारनामा" टाइप करून नोटरी करून देत असेल, तर तो कागद ना प्रमाणपत्राच्या कामाचा, ना कोर्टाच्या आदेशाच्या जागी चालणारा. अशा खासगी करारांत बऱ्याचदा घातक कलमं असतात: इतकी रक्कम महिन्याला, किंवा जोडप्याने सांगितल्यास गर्भपात करावा लागेल. पहिल्या कलमाने तुम्ही गुन्ह्यात अडकता. दुसऱ्याला कायद्यात थारा नाही. सरोगसीच्या काळात गर्भपात करायचा झाला तर तिची लेखी संमती आणि समुचित प्राधिकरणाची परवानगी लागते, शिवाय १९७१ च्या गर्भपात कायद्याच्या चौकटीतच.

संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यायची, असं कायदा सांगतो. नागपुरात ती भाषा मराठी असेल, हिंदी असेल, गडचिरोलीकडून आलेल्या बाईची गोंडीही असेल. वकिलाने इंग्रजी नमुना पुढे सरकवला, बोट ठेवून सही कुठे करायची ते दाखवलं आणि पान उलटलं, याला संमती म्हणत नाहीत. एक दुपार मोकळी ठेवा. तिच्या विश्वासातलं माणूस शेजारी बसवा. एकेक मुद्दा वाचून, "म्हणजे काय समजलं?" असं तिलाच सांगायला लावा: हार्मोनची इंजेक्शनं, सिझेरियनची शक्यता, जुळं राहण्याची शक्यता, बाळावर तिचा हक्क नसणं. आणि भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत तिला संमती मागे घेता येते, हे तर तिला तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे. ती मागे हटली तर तुमचे महिने वाया जातील, खरं आहे, पण तो तिचा हक्क आहे.

८. विमा आणि हमीचं प्रतिज्ञापत्र

सरोगेटच्या नावाने ३६ महिन्यांचा आरोग्य विमा काढायचा. कंपनी किंवा एजंट आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या मान्यतेचा हवा. विम्याची रक्कम गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या सगळ्या गुंतागुंतींना पुरेशी हवी. साधी पॉलिसी घेऊन मोकळं होण्याची चूक फार जण करतात. साध्या पॉलिसीत बाळंतपणाला प्रतीक्षाकाळ असतो किंवा ते वगळलेलंच असतं. पॉलिसीच्या पुस्तिकेत "वगळलेल्या बाबी" हे पान उघडा आणि सरोगसी, बाळंतपण, बाळंतपणानंतरची गुंतागुंत हे तिन्ही शब्द शोधा. एजंटचं तोंडी आश्वासन धरू नका, ईमेलवर लेखी घ्या.

यासोबत, तिच्या वैद्यकीय खर्चाची, नुकसानीची, आजाराची किंवा मृत्यू ओढवल्यास भरपाईची हमी देणारं प्रतिज्ञापत्र तुम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर करायचं असतं. नोटरीपुढे केलेलं इथे चालत नाही.

९. पालकत्व आणि ताब्याचा आदेश

पूर्ण प्रक्रियेत सगळ्यात वजनदार कागद हाच. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा त्यावरच्या न्यायालयात अर्ज करायचा. नागपूर शहरातल्यांसाठी याचा अर्थ सिव्हिल लाइन्समधलं जिल्हा न्यायालय संकुल. अर्ज संयुक्त असतो, तुम्ही आणि सरोगेट दोघांच्या सह्यांचा. बाळ जन्मल्यावर हाच आदेश जन्माचं प्रतिज्ञापत्र म्हणून चालतो.

वकील निवडताना त्यांनी कौटुंबिक खटले किती लढवले यापेक्षा हा अर्ज कधी केला आहे का, ते विचारा. दत्तकविधानाच्या किंवा पालक नेमण्याच्या कलमाखाली अर्ज टाकला की तारखा पडत राहतात आणि शेवटी तो मागे घ्यावा लागतो. आदेश हातात आला की कोर्टाच्या आवारातच नावं तपासा: तिघांची पूर्ण नावं, आधारप्रमाणे स्पेलिंग, पत्ते. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. तीन-चार प्रमाणित प्रती काढा.

१०. प्राधिकरणाची प्रमाणपत्रं

आता समुचित प्राधिकरणाकडून तीन गोष्टी लागतात: तुमच्यासाठी अनिवार्यता प्रमाणपत्र (सरोगसी गरजेची आहे याचं), तुमचं पात्रता प्रमाणपत्र आणि सरोगेटचं पात्रता प्रमाणपत्र. अनिवार्यता प्रमाणपत्र मंडळाचा दाखला, कोर्टाचा आदेश आणि विमा या तिघांवर उभं असतं, म्हणून हा टप्पा शेवटी येतो. फाइल दिली की पोच घ्या, पानांना क्रमांक घाला, पूर्ण झेरॉक्स ठेवा. अर्ज नाकारला तर नकार लेखी मागा. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. पंधरवडा ओळखीपाळखीत घालवू नका.

पैशाबद्दल, स्पष्ट

कायदा फक्त परोपकारी सरोगसी मान्य करतो. वैद्यकीय खर्च, नियमांत सांगितलेले इतर खर्च आणि विमा, याखेरीज सरोगेटला, तिच्या घरच्यांना किंवा मध्यस्थाला रोख किंवा वस्तूरूपात काहीही देणं म्हणजे व्यावसायिक सरोगसी. दीराच्या नावाने मोटरसायकल, मुलीच्या लग्नाला दागिना, "भेट" म्हणून प्लॉट, सगळं यात येतं. व्यावसायिक सरोगसी चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. ती मागणाऱ्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

नऊ-दहा महिने काम सोडून बसणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचं उत्तर या कायद्यात धड नाही, आणि ही त्याची मोठी उणीव आहे. पण ती उणीव पाकिटाने भरायला गेलात तर अडचणीत तीही येते. खर्च शक्यतो थेट दवाखान्याला, औषध दुकानाला आणि लॅबला ऑनलाइन करा. बिल तिच्या नावाचं, पैसे तुमच्या खात्यातून, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावलेले असू द्या.

११. प्रत्यारोपण आणि गरोदरपण

एका वेळी एकच भ्रूण सोडायचं. विशेष परिस्थितीत तीनपर्यंत. "दोन टाका, म्हणजे एकदाच काम होईल" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका, जोखीम तिच्या शरीरावर येते.

१२. जन्म आणि दाखला

सातव्या महिन्यातच बाळंतपणाच्या दवाखान्याला कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत द्या आणि केसपेपरला लावायला सांगा. याचं कारण असं: जन्माची माहिती दवाखान्यातला कर्मचारी भरतो. आईच्या नावाच्या रकान्यात तो सवयीने, जी बाई भरती आहे तिचंच नाव लिहितो. ते तसंच मनपाकडे गेलं की दाखल्यावर सरोगेट आई म्हणून येते. मग दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे. भरलेला फॉर्म पाठवण्यापूर्वी स्वतः वाचा.

नोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती बाळ जिथे जन्मलं तिथे होते. तुम्ही लक्ष्मीनगर झोनमध्ये राहता आणि दवाखाना गांधीबाग झोनमध्ये असेल तर घराजवळच्या झोन कार्यालयात चकरा मारून उपयोग नाही. जन्म कामठीला झाला तर तिथली नगर परिषद. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो, त्यामुळे स्पेलिंगची चूक पुढे वर्षानुवर्षं नडते.

बाळात काही व्यंग निघालं, जुळी झाली, किंवा मुलगी झाली, म्हणून बाळ नाकारता येत नाही. ते जन्मापासून तुमचंच अपत्य आहे, आणि त्याला टाकून देणं गुन्हा आहे.

१३. रजा

सरोगसीने आई झालेल्या नोकरदार स्त्रीला बाळंतपणाची रजा मिळाली पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्येच म्हटलं आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये असलेल्या तरतुदीप्रमाणे, स्वतःचं स्त्रीबीज दिलेल्या आईला बाळ हातात आल्यापासून १२ आठवडे मिळतात. केंद्र सरकारी नोकरीत जून २०२४ पासून आई आणि सरोगेट, ज्या सरकारी सेवेत असतील त्यांना, १८० दिवस आणि वडिलांना १५ दिवस आहेत. अर्जाला कोर्टाचा आदेश आणि जन्मदाखला जोडा.

१४. सरोगेटची फाइल तिच्याकडे

बाळ घरी आलं की जोडप्याची धावपळ संपते, तिची संपत नाही. टाक्यांचा त्रास, रक्तदाब, हर्निया हे महिन्यांनंतरही उद्भवतं. तिच्या गावच्या डॉक्टरला दाखवायला तिच्या हातात काही नसेल तर विमा असून नसल्यासारखा. एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट, नमुना २ ची प्रत, कोर्टाच्या आदेशाची प्रत आणि विम्याचं कार्ड घालून, दवाखान्यातून निघण्यापूर्वी तिला द्या. क्लेम कसा करायचा आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे मराठीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वरच लावा. पॉलिसीची मूळ प्रत तिच्याकडे ठेवा, झेरॉक्स तुमच्याकडे.